आधी वजन, मग उंची

पिकअप उंच करायला आलेला माणूस गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती इंच होईल?’ असा. गॅरेजवालाही लगेच सांगतो, ‘दोन करून देतो, हवे तर तीन.’ व्यवहार तिथेच ठरतो आणि पुढच्या दोन वर्षांची दुखणीही तिथेच ठरतात. या पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे की, इंचांचा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. गाडीवर कायम किती वजन राहणार हे आधी ठरवायचे. त्यावरून स्प्रिंग ठरते, स्प्रिंगवरून शॉकॲब्सॉर्बर, आणि मग आर्म, बुश, शाफ्ट, ब्रेक, टायर. हे सगळे एकमेकांशी जुळले की जी उंची हाती येते, ती त्या गाडीला झेपणारी उंची.

महाराष्ट्राला पिकअप नवी नाही. टाटांनी १९८८ साली पुण्यातून टाटामोबाइल बाजारात आणली, पुढे महिंद्राच्या पिकअप आल्या, आणि आज नारायणगावचा टोमॅटो असो की लासलगावचा कांदा, शेताच्या बांधापासून बाजार समितीपर्यंत तो बहुधा बोलेरो पिकअपच्या हौद्यातूनच येतो. या गाड्यांच्या मालकांना उंचीचे कौतुक नसते. माल भरल्यावर गाडी मागे बसू नये, एवढेच त्यांचे मागणे. दुसरा वर्ग अलीकडचा. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात विक्रीला आली. तेव्हापासून चार दारांची, फोर बाय फोर पिकअप घरची गाडी म्हणून घेणारे लोक दिसू लागले. त्यांना स्पितीला जायचे असते, पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या चिखलात उतरायचे असते, कोकणातल्या जांभ्याच्या उंचसखल वाटांवर गाडी घालायची असते. पोटाला दगड लागू नये आणि गाडी रुबाबदार दिसावी, या दोन्ही इच्छा त्यांच्या मनात एकत्र नांदतात.

दोन्ही वर्गांच्या गाड्या मागच्या बाजूला एकाच रचनेवर उभ्या असतात: आडवा, ताठ ॲक्सल आणि त्यावर पाटे. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियटने घोडागाडीसाठी पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले ते १८०४ साली, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. त्यामुळे दोघेही गॅरेजात जाऊन एकच वाक्य बोलतात, ‘एक पाटा वाढवा.’ मागणी तीच, गरज मात्र उलटी. कांदेवाल्याला भरलेली गाडी सावरायची आहे, स्पितीवाल्याला रिकामी गाडी वर उचलायची आहे. कांदेवाल्याच्या मापाचा जाड पाटा स्पितीवाल्याच्या गाडीत घातला की मागे बसलेली माणसे प्रत्येक स्पीडब्रेकरवर छताकडे उडतात, आणि रिकाम्या हौद्याखालचे मागचे चाक खडीवर टेकण्याऐवजी नाचत राहते. पुस्तिका मुख्यतः या दुसऱ्या वर्गासाठी लिहिली आहे, पण पाट्यांचे प्रकरण पहिल्यानेही वाचावे असेच आहे.

उंची वाढवून नेमके काय वाढते, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. चेसिस, इंजिनाखालचा पत्रा, डिझेलची टाकी, पायरी हे सगळे वर जाते. चढाला नाक घासत नाही, उतारावरून सुटताना शेपूट टेकत नाही, मधल्या उंचवट्यावर पोट अडकत नाही. पण मागच्या ॲक्सलचे हाउसिंग, म्हणजे बहुतेक वेळा दगडाला सर्वात आधी भिडणारा तो लोखंडी गोळा, सस्पेन्शनच्या वर नसतो. तो थेट चाकांवर असतो. सस्पेन्शन पन्नास मिलिमीटर उचला किंवा शंभर, त्या गोळ्याखालची जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती फक्त टायरने वाढते, आणि तीही निम्मीच. हायलक्सला मिळणारे एक माप घ्या: २६५/६५ आर १७. रुंदी २६५ मिलिमीटर, तिच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर बाजूची उंची, ती वर-खाली दोनदा, आणि मधल्या १७ इंची रिमचे ४३२ मिलिमीटर. एकूण व्यास ७७६. याच जागी ७० चा टायर घातला तर व्यास ८०३ होतो. फरक २७ मिलिमीटरचा, म्हणून हाउसिंगखाली मिळाले जेमतेम १३. शिवाय स्पीडोमीटर सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवू लागतो, हे वेगळेच.

आता वजन. लिफ्टचा, म्हणजे गाडी उंच करण्याचा, विचार करणाऱ्याने पहिली फेरी मारावी ती वजनकाट्यावर. डिझेलची टाकी भरलेली, नेहमीची माणसे बसलेली, प्रवासाला न्यायचे सामान हौद्यात चढवलेले. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. तीन आकडे कागदावर आले की अर्धे काम झाले. लोकांना आपल्या गाडीच्या वजनाचा अंदाज कायम चुकीचा असतो. हायलक्सच्या टाकीत ८० लिटर डिझेल मावते, म्हणजे नुसते इंधनच ६५ किलोच्या वर. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात वाद नाही. छतावरचा तंबू, हौद्यावरचे झाकण, फ्रीज, दुसरी बॅटरी, हत्यारांची पेटी, ज्यादा चाक असे करत करत मागच्या पाट्यांवर दोनशे-अडीचशे किलो कायमचे बसलेले असतात. पुढे विंच लावली तर ती पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकते. त्यामुळे तिच्या वजनापेक्षा जास्त भार पुढच्या स्प्रिंगवर पडतो आणि जितका जास्त पडतो तितकाच मागचा हलका होतो.

हा भार उंची कशी खातो ते एका छोट्या हिशेबात दिसते. हायलक्स, व्ही-क्रॉस या गाड्यांना पुढे ताठ ॲक्सल नसतो. प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर स्वतंत्रपणे हलते आणि कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते. समजा चाक दोन मिलिमीटर वर गेले की स्प्रिंग एक मिलिमीटर दबते. अशा वेळी चाकापाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या कडकपणाच्या अर्धा नसून पाव असतो, कारण अंतर आणि जोर दोन्ही निम्मे होतात. स्प्रिंग मिलिमीटरला १२० न्यूटनची असली, तर चाकापाशी ती फक्त ३० ची. मग पुढे एकूण ८० किलो चढले, म्हणजे दर चाकावर ४०, की गाडीचे नाक १३ मिलिमीटर खाली येते. पन्नासची लिफ्ट घेणाऱ्याच्या हाती सदतीस उरले. त्यामुळे भारासाठी निवडलेली स्प्रिंग आणि उंचीसाठी निवडलेली स्प्रिंग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. चांगले उत्पादक एकाच गाडीसाठी दोन-तीन कडकपणाच्या स्प्रिंग देतात आणि प्रत्येकीपुढे किती जादा भार धरला आहे ते लिहितात. रिकाम्या नाकावर विंचवाली स्प्रिंग बसवली तर गाडी ठरल्यापेक्षा उंच उभी राहते आणि दणकेही देते.

स्प्रिंगबाबत बाजारात सर्वाधिक चालणारा गैरसमज म्हणजे ‘दाबून बसवली की कडक होते’. तसे होत नाही. दाबून बसवल्याने उंची बदलते, कडकपणा तोच राहतो. कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवरून, आणि त्यात तारेची जाडी चौथ्या घाताने मोजली जाते. बाकी सगळे तेच ठेवून तार १४ मिलिमीटरची १५ केली तरी स्प्रिंग सुमारे ३२ टक्के कडक होते. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. पाट्यांचे गणितही असेच आहे. तिथे जाडी तिसऱ्या घाताने येते, म्हणून सात मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा घातला की तो पाटा जवळजवळ दीडपट कडक होतो. नजरेने किंवा हाताने दाबून स्प्रिंग निवडता येत नाही, ती उत्पादकाच्या आकड्यांवरूनच निवडावी लागते.

पुढच्या बाजूला स्वस्तातला उपाय म्हणजे स्पेसर. शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा जो एकत्र जोड असतो, त्याच्या डोक्यावर धातूची किंवा नायलॉनची जाड चकती बसवायची. २५ मिलिमीटरच्या चकतीने चाकापाशी पन्नासच्या आसपास उंची मिळते, कारण वर पाहिलेला तोच दुपटीचा हिशेब इथे उलट्या बाजूने लागू होतो. ग्राहकाला जादू वाटते. पण चकतीने सगळा जोडच खाली ढकललेला असतो. चाक पूर्ण लोंबकळले की आर्म मूळ मर्यादेच्या खाली जातो, वरच्या बॉल जॉइंटचा कोन ताणला जातो आणि काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगला घासू लागतो. चाक पूर्ण वर दबले की चेसिसवरच्या रबरी थांब्याच्या आधी शॉकॲब्सॉर्बरच आतून ठोकर खातो. थोड्या उंचीसाठी, शहरातल्या गाडीला चकती चालून जाते. दगडधोंड्यांत गाडी घालणाऱ्याने मात्र योग्य लांबीचा शॉकॲब्सॉर्बर आणि योग्य स्प्रिंग असा पूर्ण जोडच घ्यावा.

उंच स्प्रिंग आणि मूळ लांबीचा शॉकॲब्सॉर्बर हाही फसवा जोड. उभ्या गाडीत चाक खाली जायला समजा नव्वद मिलिमीटर जागा होती. स्प्रिंगने गाडी पन्नास उचलली की ती जागा चाळीस उरली. एक चाक खड्ड्यात उतरले की शॉकॲब्सॉर्बर पूर्ण ताणून ‘खट’ आवाज येतो आणि चाक हवेत राहते. गाडी दिसायला उंच, पण जमीन धरण्यात आधीपेक्षा कच्ची.

साधारण चाळीस मिलिमीटरपर्यंतची पुढची लिफ्ट बऱ्याच गाड्यांना मूळ आर्मवर पचते. त्यापुढे चाकाचे कोन बिघडू लागतात. स्टिअरिंग सोडल्यावर चाके आपणहून सरळ यावीत म्हणून जो कॅस्टरचा कोन दिलेला असतो, तो कमी होतो आणि द्रुतगती मार्गावर गाडी भटकू लागते. अलाइनमेंटवाला खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टांनी काही अंशी हे सुधारतो. त्याचीही मर्यादा संपली की वेगळ्या मापाचा वरचा आर्म घ्यावा लागतो. चाकांना ताकद देणाऱ्या शाफ्टचे जॉइंटही तिरके होतात, त्यांची रबरी टोपी फाटते आणि धूळ आत गेली की जॉइंट वाजू लागतो. यावर पुढचे डिफरेन्शियल थोडे खाली आणणारे किट मिळते. त्याने कोन सुधारतो, पण ज्या जागेसाठी सगळा खटाटोप केला तीच जागा थोडी परत जाते. घेणाऱ्याने हे माहीत असून घ्यावे.

मागच्या बाजूला चार वाटा आहेत. ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालणे ही पहिली. अमेरिकेतल्या काही जड पिकअपना कंपनीतूनच असा ठोकळा येतो, म्हणून तो मुळात वाईट नाही. पण ठोकळा जितका उंच, तितका ॲक्सलचा पीळ पाट्यांवर जास्त. चढावर जोर दिला की पाटा ‘एस’ आकारात मुडपतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीही रचू नये. दुसरी वाट लांब शॅकलची, म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या दुव्याची. शॅकल पन्नास मिलिमीटर लांब केली की उंची पंचवीस वाढते आणि ॲक्सलचे तोंडही फिरते. तिसरी, एक पाटा वाढवण्याची. ही आपल्याकडची आवडती, आणि योग्य लांबीचा, योग्य जाडीचा पाटा असेल तर वाजवीही. चौथी, भार ठरवून बनवलेला पूर्ण नवा संच. वर मुख्य पाट्यांचा मऊ भाग, खाली भार आल्यावरच कामाला लागणारे जाड पाटे, आणि मध्ये घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या. महाग, पण रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्था यानेच सांभाळल्या जातात.

पाचवी वाट मुद्दाम बाजूला ठेवली आहे. जुने पाटे भट्टीत लाल करून, ठोकून पुन्हा कमान देणे ही गावोगावची पद्धत. पाट्यांचे पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा मंद तापवून तयार केलेले असते. उघड्या भट्टीत ते लाल करून हवेत थंड होऊ दिले की तो गुण जातो. कमान दिसते, पण काही महिन्यांत बसते, नाहीतर भर घाटात पाटा तुटतो. कारागिराच्या हातात कसब असते, पण त्या भट्टीत तापमान मोजायची सोय नसते.

बसवतानाची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पाट्याच्या डोळ्यात आणि आर्मच्या टोकात रबरी बुश असतो. त्याची बाहेरची बाजू पाट्याला घट्ट, आतली नळी बोल्टने चेसिसला घट्ट. चाक हलते तेव्हा मधले रबर पिळते. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना मेकॅनिकने तो बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते. वर्षभरात बुश चिरतो आणि दोष किटवर येतो. बोल्ट अगोदर सैल लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, हलवून बसू द्यायची आणि मगच आवळायचे. यू-बोल्ट नवेच घ्यायचे, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायचे. गॅरेज निवडताना हा एकच प्रश्न विचारून पाहावा: बुशचे बोल्ट कधी आवळता? उत्तरावरून बरेच कळते.

शॉकॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगची उसळी शमवणे, आणि ती उसळी उष्णतेत बदलते. ऑस्ट्रेलियातली कॅनिंग स्टॉक रूट ही वाट सुमारे १,८५० किलोमीटरची. तिच्यावरच्या पत्र्यासारख्या लाटा दिवसभर एकसारखा मारा करतात. साध्या दुहेरी नळीच्या शॉकॲब्सॉर्बरमधले तेल तापून त्यात फेस होतो आणि तो निकामी होतो. एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळे ठेवण्याची फ्रान्सच्या दी कार्बन यांची कल्पना जर्मनीच्या बिल्स्टीनने १९५० च्या दशकात बाजारात आणली, ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. एक नळी लवकर थंड होते, पण बाहेरून दगड लागून चेपली तर पिस्टन अडकतो. दुहेरी नळी मार सोसते, पण तापते. ऑस्ट्रेलियन उत्पादक मोठ्या दुहेरी नळीत फोमचा थर घालून मधला मार्ग काढतात. लडाखच्या खडखडीत रस्त्यांवर तासन्तास चालणाऱ्याची निवड एक, महिन्यातून एकदा घाट उतरणाऱ्याची दुसरी. पण कोणताही घ्या, तो नव्या स्प्रिंगच्या कडकपणाला जुळणारा हवा. कडक स्प्रिंगवर मऊ शॉकॲब्सॉर्बर म्हणजे गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत राहणार.

ब्रेकचे प्रकरण वाचकाने सोडू नये. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडा गेलेला दिसतो. हौद्यात माल भरला की चेसिस खाली येते, दांडा फिरतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. हौदा रिकामा असला की दाब कमी होतो, म्हणजे हलकी मागची चाके घसरत नाहीत. लिफ्टने चेसिस पन्नास मिलिमीटर वर गेली की हा व्हॉल्व्ह कायम समजतो, हौदा रिकामा आहे. मग भरलेली गाडी उतारावर उभी करताना मागचे ब्रेक अर्ध्या मनाने लागतात. उपाय अगदी सोपा: दांड्याचा टेकू तेवढाच सरकवायचा आणि चाचणी घ्यायची. ब्रेकच्या होस पाइपची लांबी, हँडब्रेकची केबल, चाकापर्यंत जाणाऱ्या सेन्सरच्या तारा आणि दोन भागांच्या प्रॉपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचा कोन हेही त्याच दिवशी तपासायचे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरली तर शंका त्या बेअरिंगवरच घ्यायची.

रिकामी पिकअप मागे थोडी उंच उभी असते, ती मुद्दाम. माल भरल्यावर ती सपाट व्हावी म्हणून. काहींना ते दिसायला खटकते आणि ते फक्त पुढचीच बाजू उचलतात. मग भरलेली गाडी नाक वर करून चालते आणि तिचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याला मागच्यापेक्षा पुढून चार इंच किंवा अधिक उंच केलेल्या गाड्यांविरुद्ध २०२१ मध्ये कायदाच करावा लागला. लिफ्टनंतर हेडलाइटचा रोख खाली घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते बहुतेक वेळा राहूनच जाते.

उंचीची किंमत घाटातल्या वळणावर कळते. गाडी उलटण्याचा अंदाज बांधताना दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागतात. समजा रुंदी १.५४ मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर आहे: उत्तर १.१०. लिफ्टने गुरुत्वमध्य साडेचार सेंटिमीटर वर गेला की उत्तर १.०३. त्यावर छतावर साठ किलोचा तंबू चढवला की आणखी खाली. आंबेनळी घाटाच्या उतारावर हे सहा टक्के कागदावरचे राहत नाहीत.

जिथे लिफ्ट ही गरज आहे, तिथले लोक किती उलट्या दिशेने विचार करतात ते आइसलँडमध्ये दिसते. तिथल्या आर्क्टिक ट्रक्स या कंपनीची सुरुवात १९९० मध्ये टोयोटाच्या स्थानिक विक्रेत्याकडूनच झाली. बर्फावर न रुतता चालायचे तर टायरमधली हवा जवळजवळ काढून टाकावी लागते, आणि त्यासाठी टायर प्रचंड मोठा हवा. ३८ इंची टायर ठरला, मग तो बसावा म्हणून गाडी उचलली, गिअर बदलले, चाकांवरचे पत्रे कापले. २००७ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमात उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेली हायलक्स याच कंपनीने तयार केली होती. तिथे कोणी आधी इंच ठरवले नव्हते. ऑस्ट्रेलियात गाडीचे एकूण परवानगीचे वजन अधिकृतपणे वाढवून घेण्याची सोय आहे: प्रमाणित सस्पेन्शन बसवायचे, तपासणी करायची आणि नव्या वजनाची पाटी लावून घ्यायची.

आपल्याकडे पाटे वाढवले म्हणून आरसीवरचे वजन वाढत नाही. जादा पाटा हा जादा माल भरण्याचा परवाना नव्हे, कारण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर जुन्याच वजनाचे असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाडीपुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले आहे. म्हणून या पुस्तिकेत बुलबारची शिफारस कुठेही नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा चकती आणि ठोकळा त्याला लगेच दिसतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, विमा कंपनीला आणि आरटीओला आधी लेखी विचारावे, काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा, आणि गरज पडल्यास गाडी एका दिवसात पूर्ववत होईल असाच बदल निवडावा.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत: वजन, पुढची बाजू, पाटे, शॉकॲब्सॉर्बर, कोन आणि ब्रेक, टायर, कायदा. शेवटून सुरुवात करून वाचू नयेत. माझे मत विचाराल तर भारतात व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेऊन हिंडणाऱ्या बहुतेकांना पुढे तीस-चाळीस मिलिमीटर, मागे भार धरून निवडलेला पाट्यांचा संच, त्याला जुळणारे चार चांगले शॉकॲब्सॉर्बर आणि खाली एक मजबूत पत्रा एवढे पुरते. त्यापलीकडचा प्रत्येक सेंटिमीटर आणखी दोन भाग बदलायला लावतो. खरेदीला निघण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेऊन ते तीन आकडे लिहून घ्या आणि खिशात ठेवा. ज्या दुकानात ते आकडे न विचारता किट काढून समोर ठेवतात, त्या दुकानातून परत फिरा.